पाळण्याखालचे घर

पैसे मोजून भीती विकत घेणारा प्राणी या सृष्टीत एकच, आणि तो म्हणजे माणूस. गाय काही तिकीट काढून वाघाच्या गुहेत शिरत नाही. पण माणूस घरी विजेचे बिल पाहून घाबरतो, कचेरीत साहेबाला घाबरतो, रस्ता ओलांडताना घाबरतो, आणि एवढ्याने समाधान झाले नाही की रविवारी मुलाबाळांना घेऊन बाहेर पडतो व आणखी थोडी भीती विकत घेऊन येतो. दिवाळीचे दिवस आहेत म्हणून सांगतो, सुतळी बॉम्बची वात पेटवून कानांत बोटे घालून मागे पळणाऱ्या पोराचे तोंड एकदा नीट पाहा. त्या तोंडावर भीती किती आणि आनंद किती, हे त्याच्या आईलासुद्धा सांगता येणार नाही.

या विकतच्या भीतीचा सर्वांत मोठा कारखाना म्हणजे रोलर कोस्टर. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले तेव्हा मुंबईकर होडीत बसून ती भीती आणायला जाऊ लागले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका निघाले आणि पुणेकरांचीही सोय झाली. मात्र या वस्तूला मराठीत अजून धड शब्द नाही. याबाबतीत जगाच्या भाषांनी मोठी गंमत करून ठेवली आहे. रशियात पूर्वी हिवाळ्यात लाकडी उतारांवर बर्फ गोठवून लोक त्यावरून घसरत. म्हणून फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन माणूस रोलर कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतो. आणि खुद्द रशियन माणूस काय म्हणतो? ‘अमेरिकन टेकड्या’! भीतीचे माहेर प्रत्येकाला दुसऱ्याच्या गावात दाखवायचे असते, असेच म्हणायचे. आपण आपले त्याला पाळणा म्हणू. जत्रेत जे जे माणसाला बसवून घेते आणि गरगरवून खाली उतरवते, त्या सगळ्याला आपले लोक पाळणाच म्हणत आले आहेत.

आज ज्या पाळण्याविषयी लिहायचे आहे तो आता अस्तित्वात नाही. तो आपल्या देशातलाही नव्हता, आणि मी त्यात कधी बसलोही नाही. तरी आमच्या घरात त्याची आठवण एखाद्या दूरच्या नातेवाईकाच्या आठवणीसारखी निघते. का निघते, ते सांगण्यापूर्वी त्याचे कूळ सांगायला हवे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचा प्रांत आहे. तिथे मॉक चंक या गावाजवळ १८२७ साली कोळसा वाहण्यासाठी डोंगरउतारावर रूळ टाकले. कोळशाने भरलेल्या गाड्या आपल्याच वजनाने उतरत. रिकाम्या गाड्या वर ओढून न्यायला खेचरे असत. पण मग ही खेचरे परत खाली न्यायची कशी? तर तीही गाडीत बसूनच खाली येत! म्हणजे उतारावरच्या मौजेचे अमेरिकेतले पहिले मानकरी हे खेचरांचे मंडळ. पुढे माणसांनाही ती मौज हवीशी वाटू लागली आणि कोळशाच्या त्या रुळांवरून प्रवासी हौसेने उतरू लागले.

ही हौस ओळखली लामार्कस थॉमसन या गृहस्थाने. मूळचा हा विणलेल्या मोज्यांच्या धंद्यातला. १८८४ साली त्याने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लाकडी उंचवटे बांधले आणि त्यांवरून गाडी सोडली. भाडे ५ सेंट आणि वेग ताशी ६ मैल! आपला टांगासुद्धा चढ नसेल तर याहून जोरात पळतो. शिवाय गाडी पलीकडच्या टोकाला पोहोचली की उतारूंनी खाली उतरायचे, नोकरांनी गाडी ढकलून वर चढवायची, आणि मग पुन्हा बसून परत यायचे. एवढ्यावरसुद्धा लोक खूश होऊन रांगा लावीत होते. त्यांची भीती किती स्वस्त होती, पाहा.

कोनी आयलंड हे नाव ऐकून समुद्रात दूर कुठेतरी बेट असेल असे वाटते; पण ते ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला जमिनीशी केव्हाच जोडले गेले आहे. आपली जुहूची चौपाटी आणि एखादी बारमाही जत्रा एकत्र केली तर जे होईल ते कोनी आयलंड. १९२० साली शहरातली भुयारी रेल्वे थेट तिथवर आली आणि ५ सेंटांत गिरणीतला कामगार, शिवणकाम करणाऱ्या पोरी, बोटीतून कालपरवा उतरलेले परदेशी, सगळे समुद्रावर लोटू लागले. मग तिथे पाळण्यांची चढाओढ लागली. १९२५ साली थंडरबोल्ट, १९२६ साली टोर्नेडो, १९२७ साली सायक्लोन! म्हणजे वज्र, वावटळ आणि चक्रीवादळ. भीती विकायची तर नावे भारदस्तच हवीत.

यांतला वज्र, म्हणजे थंडरबोल्ट, हा आपला पाळणा. तो आखला जॉन मिलर याने. हा मिलर तरुणपणी त्या मोजेवाल्या थॉमसनकडेच कामाला होता. आज जगात कुठल्याही मोठ्या पाळण्यात बसा, मिलरची आठवण तुम्हांला दोनदा होते. नाव माहीत नसते, इतकेच. गाडी साखळीने चढावर ओढली जात असताना खालून कट् कट् कट् असा आवाज येतो ना? ती त्याची खिट्टी. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांमध्ये अडकत जाणारी. आणि शिखरावरून कोसळताना आपण आसनावरून उचलले जातो, पण गाडी रूळ सोडून उडत नाही, याचे कारण रुळाला खालून धरणारी जादा चाके. त्यांचा हक्क मिलरने १९१९ साली नोंदवला. या चाकांपूर्वी उतार बेताचेच ठेवावे लागत. ती आल्यावर उतार सरळ छातीवर आले. एकदा शिखर गाठले की पुढे ना इंजिन ना मोटर. चढताना साठवलेली उंचीच पुढे खर्च करायची. म्हणून पुढची प्रत्येक टेकडी पहिलीपेक्षा ठेंगणी असते. महिन्याच्या पगाराचेही असेच असते. पहिल्या तारखेची उंची पुन्हा येत नाही.

पण थंडरबोल्टचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पोटाखाली होते. पाळणा बांधायचे ठरले तेव्हा त्या जागेवर १८९५ सालचे एक लहानसे हॉटेल उभे होते, केन्सिंग्टन नावाचे. दुसरा कोणी असता तर त्याने आधी हॉटेल पाडले असते. इथे तसे झाले नाही. पाळण्याचे पोलादी खांब घरातून आरपार नेले, त्यावर रूळ चढवले आणि घर तसेच राहू दिले! त्या घरात पाळण्याच्या मालकाच्या घरचीच माणसे राहू लागली. मालकाच्या मुलाची सोबतीण १९४० नंतरच्या वर्षांत तिथे राहायला आली आणि पुढे चाळीसेक वर्षे राहिली. तिचा संसार सगळा त्या छपराखाली झाला. गाडी जाई तेव्हा घर हादरे. वर माणसे किंचाळताहेत आणि खाली बाई चुलीवरचे भांडे सावरते आहे!

हे वाचून तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, तर तुम्ही कधी रेल्वेलगत राहिलेला नाही. आम्ही परळला ज्या चाळीत वाढलो ती रुळांपासून हाकेच्या अंतरावर होती. लोकल गेली की मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांशी बोलत. तसबिरीतले गणपती नेहमी थोडे डावीकडे कललेले असत. आई रोज सकाळी पूजा झाली की ते सरळ करी. आमच्याकडे आलेला पाहुणा पहिल्या रात्री उठून बसे आणि आम्ही आपले गाढ झोपलेले. आम्हांला जाग यायची ती गाड्या बंद पडल्या की! पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून रात्री लोकल थांबल्या, तर वडील अंथरुणातून म्हणत, “काय झाले रे? एवढे शांत का?” ज्या आवाजाने दुसऱ्याची झोप उडते तो आवाज आपला झाला की अंगाईच होतो. पाळण्याखाली राहणाऱ्या त्या बाईला हे सांगावे लागले नसते.

त्या घराला कीर्ती मिळाली ती मात्र सिनेमामुळे. वुडी ॲलन यांचा ‘ॲनी हॉल’ हा १९७७ सालचा चित्रपट. त्यातला नायक सांगतो, माझे बालपण रोलर कोस्टरखालच्या घरात गेले. आणि पडद्यावर ते घर दिसते, वरून गाडी जाते, घर हादरते आणि लहानगा नायक तशातच सूप पीत बसलेला असतो. प्रेक्षक हसतात. पुष्कळांना वाटते की ही दिग्दर्शकाची कल्पना असेल. पण घर खरेच होते आणि तिथे खरीच माणसे राहत होती.

आता आमच्या घरात या पाळण्याचा शिरकाव कसा झाला ते सांगतो. आमचे दादा १९७२ च्या आरंभी अमेरिकेला गेले. खिशात थोडे डॉलर, बॅगेत मेतकूट आणि आईने शिवलेली गोधडी. न्यूयॉर्कमध्ये एका कचेरीत नकाशे काढण्याची नोकरी मिळाली. राहायला भाड्याची खोली. तेव्हा फोन करणे आपल्या आवाक्यातले नव्हते. पंधरा दिवसांनी निळे एरोग्राम येई आणि त्यात सगळे कसे छान आहे असे बारीक अक्षरात लिहिलेले असे. आई ते पत्र ऐकून म्हणे, “छान असते तर एवढे लिहिले नसते.”

जुलैमध्ये एक निराळेच पत्र आले. दादा एका रविवारी एकटेच कोनी आयलंडला गेले होते आणि थंडरबोल्टमध्ये बसून आले होते. वडिलांनी पत्र मोठ्याने वाचले. त्यातली ओळ आजही आमच्या घरात पाठ आहे: “या देशात आल्यापासून सहा महिने मी हळू आवाजात बोलतो आहे. आज पहिल्यांदा ओरडलो, आणि ‘आई गं’ असे ओरडलो. शेजारी बसलेल्या माणसाला वाटले असेल, हे माझ्या देवाचे नाव आहे.”

पुढे त्यांनी लिहिले होते की या पाळण्याखाली एक घर आहे, आणि त्यात माणसे राहतात. “गाडी छपरावरून धडधडत गेली तेव्हा मला आपली चाळ आठवली. उतरल्यावर मी बराच वेळ त्या घराकडे पाहत उभा होतो.” आईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाली, “एवढे शिकून तिकडे पाळण्यात बसायला गेला होय!” पण ते पत्र तिने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले. बाकीची पत्रे ट्रंकेत होती.

दादा नंतर प्रत्येक उन्हाळ्यात एकदा तरी थंडरबोल्टवर जात. वहिनी लग्न होऊन गेल्या तेव्हा त्यांनाही आठवड्याच्या आत तिथे नेले. नव्या नवरीला देवदर्शनाला नेतात तसे! वहिनी अजून सांगतात, “माझी ओटी तिथे भरली नाही, एवढेच.”

१९८२ साली मालकाचा मुलगा वारला आणि पाळणा बंद पडला. त्याची सोबतीण पुढे १९८८ पर्यंत त्या घरात राहिली. त्या सहा वर्षांत तिला झोप कशी लागली असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. वर आता कुणी ओरडत नव्हते. तसबिरी आपल्या जागी सरळ राहत असतील. आमच्या वडिलांना गाड्या थांबल्यावर जाग येई ती एका रात्रीपुरती. सकाळी पाणी ओसरून पहिली लोकल जाईच. इथे ती सकाळ आली नाही. १९९१ साली घराला आग लागली आणि राहिला तो जळका सांगाडा.

मी हे सर्व पाहिले ते १९९८ साली. दादांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही उभयता न्यू जर्सीला गेलो होतो. लग्नाची धांदल संपल्यावर दादा मला घेऊन कोनी आयलंडला गेले. तारेच्या कुंपणापलीकडे थंडरबोल्ट उभा होता. रुळांच्या लाकडावर वेली चढल्या होत्या. टेकड्यांच्या मध्ये झाडे उगवली होती. आपल्याकडे पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो, त्याची आठवण झाली. त्या हिरवळीतून गाडीचा मार्ग मात्र अजून ओळखू येत होता. चढ, वळण, उतार. खाली ते घर, खिडक्या गेलेले. दादा कुंपणाला हात लावून उभे राहिले. मला वाटले, ते काही बोलतील. ते एवढेच म्हणाले, “त्या दुसऱ्या वळणाशी टोपी उडायची.”

मग त्यांनी मला सायक्लोनमध्ये बसवले. १९२७ चा तो पाळणा तेव्हाही चालू होता. ८५ फूट उंच, ताशी ६० मैल वेग, आणि सारा खेळ दोन मिनिटांच्या आत आटोपतो. चढताना मिलरच्या खिट्टीची ती कट् कट् ऐकली. शिखरावर समोर अटलांटिक महासागर दिसला आणि पुढच्या क्षणी तो नाहीसा झाला. काय ओरडलो ते ठाऊक नाही; दादांचे म्हणणे, मी सौ.चे नाव घेतले. खाली उभ्या असलेल्या सौ.ने ते ऐकले नाही, त्यामुळे या दाव्याला साक्षीदार नाही.

सायक्लोन वाचला आणि थंडरबोल्ट गेला, यात मला मोठा धडा दिसतो. सायक्लोनवरही संकट आले होते. १९७० च्या सुमारास त्याची जागा शहराच्या मालकीची झाली होती आणि शेजारच्या मत्स्यालयाच्या वाढीसाठी तो पाडावा असा बेत होता. पण लोकांनी ओरड केली. पाळण्यात बसून नव्हे, बाहेर उभे राहून! शहराने बेत सोडला, पाळणा भाड्याने चालवायला दिला, डागडुजी होऊन १९७५ साली तो पुन्हा सुरू झाला आणि १९८८ साली न्यूयॉर्कने त्याला जतन करण्याची वास्तू म्हणून जाहीर केले. थंडरबोल्टला असे वेळेवर विचारणारे मिळाले नाहीत. तो बंद होता, गंजलेला होता; आणि बंद पडलेल्या वस्तूची बाजू घेणे फार थोड्यांना जमते.

१९९९-२००० च्या सुमारास त्याच्या अगदी शेजारी बेसबॉलचे नवे मैदान उभे राहू लागले. नोव्हेंबर २००० मध्ये शहराने थंडरबोल्ट पाडून टाकला. कारण सांगितले, की तो कोसळण्याच्या बेतात आहे, लोकांच्या जिवाला धोका आहे. ७५ वर्षे उभा असलेला पाळणा यंत्रांनी खाली आणला. पुढच्या वर्षी मैदान सुरू झाले. तिथे खेळणाऱ्या संघाचे नाव काय असावे? ब्रुकलिन सायक्लोन्स! म्हणजे वाचलेल्या पाळण्याचे नाव संघाला द्यायचे आणि गेलेल्या पाळण्याशेजारी सामने भरवायचे. यात कुणाचा दुष्टपणा नसेल. पण असले विनोद कुणी मुद्दाम रचू म्हणता रचता येत नाहीत.

जागेच्या मालकाने शहरावर दावा लावला. २००३ साली ज्यूरीने निर्णय दिला, की हे पाडणे समर्थनीय नव्हते. कोर्टात न्याय झाला. पण कुंपणाच्या आत तोवर मोकळी जमीन होती. चुकीने कापलेले झाड निकालपत्राला पालवी फुटून परत येत नाही. इमारत खरोखर धोक्याची असेल तर ती पाडलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. आपल्या शहरात दर पावसाळ्यात जुनी घरे कोसळतात आणि माणसे जातात, ते आपण पाहतो. म्हणूनच ‘धोका’ हा शब्द जपून वापरायला हवा. त्या शब्दापुढे कुणी प्रश्न विचारू शकत नाही, आणि नेमके त्यामुळेच प्रश्न त्याच्या आधी विचारून घ्यावे लागतात.

पाडल्याची बातमी दादांनी मला फोनवर सांगितली. तोपर्यंत फोन सोपे झाले होते. “पाडला रे,” म्हणाले, आणि मग इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलत राहिले. फोन ठेवल्यावर मी सौ.ला म्हटले, “दादांचा आवाज कसासाच झाला होता.” ती म्हणाली, “होणारच. परक्या मुलखात ज्या जागेने आपल्याला मोठ्याने ओरडू दिले ती जागा गेली.” बायका पुष्कळदा एका वाक्यात सांगून मोकळ्या होतात; आम्हां लिहिणाऱ्यांना त्याला सबंध सदर लागते.

आमची परळची चाळही पुढे पाडली, २००९ साली. तिथे आता पंचवीस मजली इमारत आहे, आणि वरच्या मजल्यांवर लोकलचा आवाज पोहोचत नाही. राहणाऱ्यांना चांगली घरे मिळाली, संडास घरात आला, म्हाताऱ्यांना लिफ्ट मिळाली. त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. जिन्यावरून पाण्याच्या बादल्या ज्यांनी वाहिल्या नाहीत त्यांनीच चाळीवर कविता कराव्यात. पण पाडण्याच्या आधी एखाद्याने तरी विचारले असते, की इथे कोण कोण राहून गेले, भिंतीवरची ही पेन्सिलीची खूण कुणाच्या उंचीची, तर बरे वाटले असते. नाव तेवढे राहते. मुंबईत धोबी तलाव आहे, तलाव नाही. चर्चगेट आहे, गेट नाही. रोज लाखो लोक ते नाव उच्चारून तिकीट काढतात आणि गेट कुठे गेले असे कुणीच विचारत नाही.

थंडरबोल्टचेही नाव परत आले. २०१४ साली कोनी आयलंडवर त्याच नावाचा नवा पाळणा सुरू झाला. तो पोलादी आहे. सरळ उभा चढ चढतो आणि माणसांना पार उलटे करून आणतो. दादा तेव्हा सत्तरीला टेकले होते. नातीला घेऊन गेले. डॉक्टरांनी आणि वहिनींनी, या क्रमाने, बसायला मनाई केलेली असल्यामुळे ते खाली उभे राहिले. नात वरून उतरली, केस पिंजारलेले, गाल लाल. तिने विचारले, “आजोबा, तुमचा पाळणा असाच होता का?”

दादांनी तिला सांगितले, की आमच्या पाळण्याखाली घर होते. तिला ते मुळीच खरे वाटेना. घर? खरे? माणसे राहायची? आणि मग तिने तो प्रश्न विचारला, जो मी इतकी वर्षे स्वतःला विचारत आलो होतो: “त्या घरातल्या बाईला एवढ्या आवाजात झोप कशी लागायची?”

यावर दादा तिला घेऊन समुद्राकडे तोंड करून एका बाकावर बसले आणि त्यांनी तिला परळची चाळ सांगायला सुरुवात केली. रूळ किती जवळ होते, भांडी कशी बोलायची, तसबिरीतला गणपती रोज सकाळी सरळ कोण करायचे. वहिनींनी फोन करून विचारले तेव्हा दोन तास उलटून गेले होते आणि गोष्ट अजून दुसऱ्या मजल्यापर्यंतच आली होती.